लांब टोक

गावातली वजनं हलकी करणारी यंत्रणा सकाळी अचानक बंद पडली आणि गोदाक्का एका बोटाने सरकवत होत्या ते लोखंडी कपाट खऱ्या वजनानिशी त्यांच्या पायावर कलंडलं. त्यांच्या सुनेने, ईशानीने, जन्मात जड काही उचललं नव्हतं. ती रडत नुसतीच ढकलत राहिली.

“रडणं थांबव. ते शोभेचं मुसळ फटीत घाल,” तरुणपणी खाणीत दगड हलवलेल्या गोदाक्का दात आवळून म्हणाल्या. “खाली वरवंटा ठेव. अजून कपाटाजवळ. आता पार टोकाला दाब.”

कपाट इंचभर उचललं गेलं. गोदाक्कांनी पाय ओढून घेतला आणि बोटं हलवून पाहिली. पाचही हलली.

“आत्याबाई, एवढी ताकद माझ्यात होती?”

“ताकद मुसळाच्या लांबीत असते गं,” त्या तिचे डोळे पुसत म्हणाल्या. “पण दाबलंस तू.”