खाडीपलीकडचं उत्तर

"पुन्हा वाजव," रेखामॅडम कुजबुजल्या.

अरवाने फोन उंच धरला. बोरू वटवट्या पक्ष्याची रेकॉर्ड केलेली बडबड खारफुटीत घुमली आणि थांबली. क्षणभराने खाडीपलीकडून तस्सं उत्तर आलं. शेजारी उभ्या मैत्रिणीने, सानिकाने, आनंदाने अरवाचा दंड असा दाबला की हाड मोडतं की काय.

शाळेचा पक्षीगट सौदीतल्या जिझानहून बोटीने फरसान बेटावर आला होता तो याच पठ्ठ्यासाठी. खारफुटी सोडून हा सहसा बाहेर येत नाही. त्याला त्याचंच गाणं ऐकवायचं, की कोण उपटसुंभ आला म्हणून तो चवताळून ओरडतो. पक्षीवाल्यांची ही जुनी युक्ती. पलीकडच्या काठावर उमैरचा गट होता, आणि त्याच्या आधी पक्षी ओळखणं अरवाला भागच होतं. मागच्या फेरीत तिने फांदीला अडकलेल्या पिशवीला बगळा म्हटलं होतं. तेव्हापासून उमैर भेटेल तिथे पिशवीची खुशाली विचारायचा.

"ओळख पक्की. नाव अरवाचं," मॅडम म्हणाल्या.

अरवाला आभाळ ठेंगणं झालं. हौसेने तिने आणखी एकदा वाजवलं. उत्तर आलंच, आणि त्याच्या शेवटी लांब कुठेतरी कुत्रा भुंकला.

अरवाचं हसू विरलं. तो कुत्रा ओळखीचा होता. तिच्या फोनमधल्या गाण्याच्या शेवटीही तो अगदी असाच भुंकायचा. आठवडाभर ऐकून पाठ झाला होता. गप्प राहिली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. पिशवीचा विषय कायमचा खलास.

"मॅडम, तो पक्षी नाही," ती म्हणाली. "उमैरचा फोन आहे. त्यांच्याकडेही हेच गाणं आहे, आम्ही वाजवलं की ते वाजवतात."

मॅडमनी हाका मारून दोन्हीकडचे फोन बंद करायला लावले. उमैर काठावर आला, त्याला सगळं कळलं आणि तो खूश झाला. आधी पिशवी, आता फोन, पुढच्या खेपेला काय गो, खुर्ची?

मागच्या फेरीत अरवा रडली होती. आज तिने कमरेवर हात ठेवले.

"गप रे जरा. सगळेच गप."

खरोखरच सगळे गप्प झाले. पाण्याचा डुबूक आवाज तेवढा राहिला. मग तिच्या डोक्यावरची फांदी हलली. मातकट पाठ, पांढुरका गळा, डोळ्यावर पुसट पट्टी. त्याने चोच उघडली, गळा फुगवला, आणि अशी काही खडखडीत तान सोडली की उमैरचं तोंड उघडंच राहिलं. मॅडमनी अरवाच्या पाठीवर थाप मारली. पक्ष्याच्या मागे, बेचक्यात, वाटीएवढं विणलेलं घरटं होतं.

सकाळपासून तो घरीच होता. त्याला कुणी बोलूच दिलं नव्हतं.