रडत काहून नाई?

मयुरीला मुलगी झाली, पण ती रडलीच नाही. निळसर, निपचित पडून राहिली. लालबर्‍याच्या दवाखान्यात लेकीच्या उशाशी उभ्या असलेल्या विमलाबाईंनी नातीला उलटं धरायला हात पुढे केले. "रुका, मावशी!" नर्स अबोलीने त्यांना अडवलं. "असं नाई करत आता. श्वास द्या लागते तिले." तिने बाळाची पाठ चोळली, इवल्या नाकातोंडावर मास्क बसवला आणि रबरी फुगा हलकेच दाबू लागली. "माय, थे रडत काहून नाई?" मयुरीने विचारलं. विमलाबाईंनी लेकीचा हात घट्ट धरला. फुग्याबरोबर नातीची छाती वरखाली होई. अखेर तिने आपणहून श्वास ओढला आणि टाहो फोडला. अबोलीने तिला मयुरीच्या छातीवर ठेवलं. "उगी बाई, उगी," मयुरी पुटपुटली. विमलाबाईंनी डोळे पुसले. "उगी नोको म्हणू वं. रडू दे तिले पोटभर."