मागचा आकडा

"अगं, चौऱ्याण्णव! बाळ गार पडलंय!" थर्मामीटर सुरू करताच नवरा ओरडला.

बाळ सकाळपासून दूध पीत नव्हतं. मी त्याच्या छातीला हात लावला. ऊब होती.

"आधी काखेत तरी लाव, शहाण्या! सुरू केला की तो मागचा आकडा दाखवतो."

"मागचा? बाळाला तर आज पहिल्यांदाच लावतोय."

"आईचा आहे. ती गेली त्या दिवशीचा."

त्याने थर्मामीटर माझ्या हातात दिला. मग हळूच म्हणाला, "शेजारून दुसरा आणू का?"

"नको. बाळाचं बघू आधी."

मी थर्मामीटर बाळाच्या काखेत ठेवून त्याचा हात अंगाशी घट्ट धरला. बीप वाजला. अठ्ठ्याण्णव.

पुढच्या वेळी सुरू केला, की तो हाच आकडा दाखवेल.