भोंग्यानंतरचा तास

भोंगा वाजला तसा वर्षाराणीनं सगळ्यांच्या आधी आपला फोन टोपलीत ठेवला. फोनचं कुलूप काढून. ‘ज्याच्या मनात काळंबेरं नाही, त्याला कुलूप कशाला?’ हे तिचंच वाक्य आता देवळाच्या भिंतीवर रंगवलेलं होतं.

गावाचा नियमच तो. सांज झाली की तासभर सगळ्यांचे फोन देवळात आणि पोरं अभ्यासाला. मुलं आणि मोबाइल यांवर संशोधन करणाऱ्या वर्षाराणीनं हा नियम इथं रुजवला, त्यावर प्रबंध लिहिला आणि डॉक्टर झाली. आज गाव तिचा सत्कार करत होतं. टोपली सांभाळायला माणूसही तिनंच निवडला होता, कोंडीराम तात्या. गाईला निदान शिंगं तरी असतात, तात्यांना तीही नाहीत, असं लोक कौतुकानं म्हणत.

तात्यांनी टोपलीवर उपरणं पांघरलं आणि खांबाला टेकून बसले.

“बिनघोर बोला, म्याडम. फोनाला म्या हाय.”

सत्काराची शाल अंगावर पडते न पडते तोच शिवरंजनीनं तिला मांडवामागं गाठलं. अकरावीतली ही पोर एरवी बोलायला लागली की थांबायची नाही. आज तिचे ओठ सुकले होते.

“ताई, मला कुणीतरी धमक्या देतंय. अनोळखी नंबर हाय. मागल्या बारीला तुमी येऊन गेला, तवापासनं. म्हणतंय, सांगतो तिथं एकटी ये, न्हायतर हे तुझ्या बापाला ऐकवतो.”

“काय ऐकवतो?”

“माझाच आवाज. म्या शंभूबद्दल बोललेला.”

शंभू जळकोटचा, कॉलेजातला, दुसऱ्या जातीचा. हे बापाच्या कानावर गेलं तर पोरीचं शिक्षण सुटणार आणि मिळेल त्या स्थळाशी हळद लागणार. अशा वेळी पोरीला कसं बोलतं करायचं, हे वर्षाराणी राज्यभर शिकवत आली होती. तिनं शिवरंजनीचा हात हातात घेतला.

“मी रागावणार नाही. खरं सांग, तो आवाज कुणाकुणाला पाठवला होतास?”

“एकीलाच.”

“मग तिनंच दगा दिलाय. नाव सांग तिचं.”

शिवरंजनीनं आपला हात सोडवून घेतला.

“तुमालाच, ताई. मनात साचलेलं बोलून पाठवा, कुणाला कळणार न्हाय, असं म्हणला होता न्हवं तुमी?”

वर्षाराणीनं तो आवाज कुणालाच ऐकवला नव्हता, अगदी शपथेवर. फोन तर सदा तिच्याच जवळ असायचा. पर्समध्ये, उशाशी, हातात. इथला हा तास सोडला तर.

तिनं मांडवातून पलीकडं पाहिलं. टोपलीवरच्या उपरण्याखाली फोनचा उजेड होता आणि तात्यांचा एक हात उपरण्याआड होता. तालुक्यातल्या किती पोरींनी आपलं मन त्या फोनात ठेवलंय, हे तिला आठवलं.

शाल तिथंच टाकून ती तात्यांपुढं जाऊन उभी राहिली.

“तात्या, माझा फोन द्या.”

तात्यांनी सावकाश मान वर केली आणि हसले.

“तास कुठं झालाय अजून, म्याडम? नियम तुमचाच हाय.”