वर्नाचा नातू

मिशिगनमधून सिनेटच्या रिकाम्या जागेसाठी पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानात कोणाला मत द्यायचं, वकीलबाईंना की महापौरांना, हे वर्नाचं महिनाभर ठरत नव्हतं. गावातलं प्रसूतिगृह बंद झाल्याने नातू बर्फात अडकलेल्या गाडीत जन्मला, हे तिने दोघांनाही गाठून सांगितलं होतं. बाई घड्याळ बघत राहिल्या. महापौरांनी लिहून घेतलं. म्हणून टपाली मतपत्रिकेवर महापौरांपुढचा गोल रंगवायच्या बेतात ती टीव्हीसमोर बसली होती. वादविवादात महापौर गहिवरून म्हणाले, “वर्नाबाईंचा नातू गाडीत जन्मला आणि तिथेच गेला.” मांडीवरचा नातू दुधाची बाटली चोखत होता. “नाव तरी बरोबर घेतलं तुझं,” नवरा म्हणाला. “जित्याजागत्या पोराला मारलं मेल्याने,” वर्ना म्हणाली. “आता मत बाईंनाच.” तेवढ्यात वकीलबाई म्हणाल्या, “आधी त्या बाळासाठी मिनिटभर शांत उभं राहू या.” सगळं सभागृह उठलं, आणि दिवंगत नातवाने मतपत्रिकेवर बाटली लवंडली.