गाळलेलं पाणी

किडनीच्या आजारावर संशोधन करणारी मोनिका रामहरीच्या विहिरीच्या पाण्याची बाटली न्यायला आली. बाटली उजेडात धरून तिनं विचारलं, “बाबा, हे गाळलंय का?” “व्हय. आमच्या हिनं पाहुण्याला बिगरगाळलेलं पाणी कधी दिलं न्हाई,” रामहरी म्हणाला. बायकोचं पाणी गाळायचं फडकं अजून त्याच्या खांद्यावर ओलं होतं. ती किडनीच्याच दुखण्यानं दिवाळीत गेली. “विहिरीत आहे तसंच हवं. पुन्हा भरा.” त्यानं पोहरा उचलला, पण सोडवेना. विहिरीभोवतीच्या उसाला वर्षानुवर्षं त्यानंच गोण्यांनी खत ओतलं होतं. “पोरी, खत पाण्यात उतरलं तरी फडक्यात अडकतंय न्हवं?” “नाही, बाबा. विरघळलेलं गाळून निघत नाही.” तेवढ्यात गरोदर सून तांब्या घेऊन आली. “ताई, पाणी घ्या. गाळलेलं हाय.” रामहरीनं तांब्या हिसकून घेतला. “तपासणी होईस्तोवर तू पन पिऊ नगंस.” त्यानं पोहरा विहिरीत सोडला.