दसऱ्याला पुजलेली हार्डडिस्क

धाड गावच्या बाजारचौकातल्या आपल्या कॉम्प्युटर क्लासात उकंडराव हट्टाला पेटले होते. मशीन चालवणारी जुनी सिस्टीम, लिनक्स, पुसून नवी टाकायची, आणि तीही आजच. उद्यापासून नवी बॅच होती. त्यासाठी मशीननं आधी सीडी वाचायला हवी. सेटिंगच्या निळ्या पडद्यावर त्यांनी सीडी पहिल्या जागी आणली, सेव्ह केलं. मशीन परत सुरू झालं, तर पुन्हा हार्डडिस्कच पहिली. सेटिंग लक्षात ठेवणारा आतला सेल बदलला, तरी तेच.

"थांब बे, तुले उपटूनच टाकतो!" म्हणत त्यांनी मशीनचा डबा उघडला, हार्डडिस्क काढली आणि खाली ठेवू लागले.

"भुईवर नोका ठेवू, दसऱ्याले पुजलेली हाय ते," म्हणत त्यांच्या बायकोनं, कौशल्याबाईंनी, ती पदरात घेतली.

उकंडरावांनी पुन्हा निळा पडदा उघडला. पहिल्या जागी हार्डडिस्क. त्यांनी डब्यात हात घातला. जागा रिकामी, वायर नुसती लोंबत होती. आणि पडद्यावर जुनं लिनक्स उघडू लागलं.

"अवं, हे पाह्य!" ते ओरडले.

कौशल्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. पदरात काहीतरी घरघरत होतं, आणि त्या त्यावर हलक्या हातानं थापटत होत्या.

"हळू बोला," त्या म्हणाल्या, "आत्ताच निजलं होतं."